बापूसाहेबांचं भूमिपूजन

फोटो काढताना सर कुणालाही हसायला सांगत नसत. "सकाळी काय खाल्लंत?" एवढंच विचारत, आणि माणूस आठवू लागला की बटण दाबत. त्यांचं म्हणणं असं, की आठवताना माणसाच्या तोंडावर त्याचा स्वतःचा चेहरा असतो. त्यामुळे त्या वर्षांत नाशिकमधल्या कितीतरी लोकांच्या ओळखपत्रांवर, कालची भाकरी की आजचे पोहे, या विचारात पडलेले चेहरे होते. माझे एक मामा त्या फोटोत इतके दुःखी दिसतात, की नवीन पाहुणा हमखास विचारतो, "काय झालं होतं हो?" काही झालं नव्हतं. साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती.

मी गेले ती नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला. नुकतीच बी. ए. झाले होते. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी फक्त घरात बोलायची, तीही मोजकी. मेन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. खाली दुकान, वर घर.

"सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही," मी म्हणाले. खरं तर चहा-पोळी खाल्ली होती, पण अनोळखी माणसाला ते कशाला सांगायचं?

फ्लॅश उडाला. कॅमेऱ्याच्या मागून डोकं बाहेर काढून ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही डोळे मिटत नाही," ते म्हणाले. मी गप्प. "बोलतही नाही. उत्तम. इंग्रजी येतं?"

रविवारी ते स्वतःचा एक सिनेमा करत, अशी मी त्यात आले. घरी सांगितलं की एका फोटोग्राफरची इंग्रजी पत्रं लिहायची आहेत. ते खोटं नव्हतं. पण खरं काम बघत राहण्याचं होतं. मागच्या रविवारी सिनेमातल्या पुढाऱ्याच्या सदऱ्याचं कितवं बटण उघडं होतं, टोपी कुठे कलली होती, हार गळ्यात होता की हातात, हे लक्षात ठेवायचं आणि विचारलं की सांगायचं. बोलण्याची सक्ती नसलेलं असं काम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मी त्यांना सर म्हणत असे. ते कुठेही शिकवत नव्हते, पण दुसरं काय म्हणायचं ते मला सुचलं नव्हतं.

सरांचं पोट लग्नांवर आणि उद्घाटनांवर चालायचं. लग्नांची कामं हळूहळू कमी होत गेली होती, कारण ते मांडवाबाहेरच्या चपलांचे फोटो काढत. मुलीकडच्या चपला, मुलाकडच्या चपला. एका वधूपित्यानं अल्बम उघडून विचारलं होतं, "अहो, माझी मुलगी कुठाय यात?" सरांनी चपलांच्या ढिगात एका नव्या कोऱ्या जोडावर बोट ठेवलं. त्या गृहस्थांनी अल्बम नेला नाही.

उद्घाटनांची कामं मात्र टिकून होती. नगरपालिकेत एक वजनदार पुढारी होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा एकही कार्यक्रम सरांशिवाय होत नसे. एकदा कसल्याशा वाचनालयाची रिबीन कापायची होती. सरांनी सगळं तयार ठेवलं आणि मुद्दामच कॅमेरा डोळ्याला लावला नाही. अण्णा कात्री धरून तसेच उभे राहिले. टाळ्या वाजल्या, थांबल्या, परत वाजल्या. अण्णा सरांकडे बघताहेत, सर अण्णांकडे. "रिबिनीकडे त्यांचं लक्षच नव्हतं," सर सांगत. "मी आणखी थोडा वेळ थांबलो असतो, तर ते वाचनालय आजही उघडलं नसतं."

आत पुस्तकं नव्हतीच, म्हणून तसा फरक पडला नसता. सिनेमा त्या दिवशी सुरू झाला, असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे सरांच्या बायको.

सिनेमातल्या पुढाऱ्याचं नाव बापूसाहेब. हा बापूसाहेब गावभर भूमिपूजनं करत हिंडतो. शाळेचं, दवाखान्याचं, पुलाचं. नारळ फुटतो, कोनशिला बसते, बांधकाम कधीच होत नाही. शेवटी बापूसाहेब मरतो आणि लोकांना त्याचं स्मारक करायचं असतं. पण गावात रिकामी जागाच उरलेली नसते, जिथे जावं तिथे त्याचाच दगड. हे सगळं सोळा मिलिमीटरच्या, चावी भरून चालणाऱ्या कॅमेऱ्यावर. मुंबईच्या माहितीपटवाल्यांकडून उरलेल्या फिल्मचे तुकडे मिळत, ते संपेपर्यंत चित्रण. मग थांबायचं. कधी महिनाभर, कधी पावसाळाभर. मी आले तेव्हा सिनेमा जुना झाला होता. पहिल्या प्रसंगातलं एक लहान मूल आता शाळेत जात होतं.

थांबण्यातच आमचे बहुतेक रविवार गेले. ढग जाण्यासाठी थांबायचं, गाडीसाठी थांबायचं. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याची अँबॅसडर मिळायची, तीही त्याला बाजारात जायचं नसेल तेव्हा. गाडीला कांद्याचा वास असे. त्या वासात पांढरेशुभ्र कपडे घालून बापूसाहेब मागच्या सीटवर बसत.

बापूसाहेबांचं काम पोस्टातून निवृत्त झालेले एक काका करत. आम्ही त्यांना पोस्टकाकाच म्हणायचो. नाट्यस्पर्धांतून आयुष्यभर त्यांनी दूत, डॉक्टर आणि दुसरा हवालदार अशी कामं केली होती. एरवी इतका भिडस्त माणूस, की हॉटेलात दुसरा चहा मागताना मान खाली घालायचे. पण टोपी चढवली की आवाज बदलायचा. "बंधूंनो आणि भगिनींनो" मधल्या भगिनींवर ते असे काही थांबत, की भाजीवाल्या बायकाही पाट्या खाली ठेवत.

कोनशिला एकच होती. प्लायवूडची, बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून दगडासारखी रंगवून घेतलेली. वर 'मा. बापूसाहेब यांच्या शुभहस्ते' कायमचं, खाली जागा कोरी. तिथे खडूनं हवं ते लिहायचं. शाळा पुसली की दवाखाना. शूटिंग झालं की डिकीत.

नारळ मात्र सर खरा आणि दर वेळी नवा घेत. जुना नारळ फुटताना बापूसाहेबांच्या तोंडावर खरं समाधान येत नाही, असं त्यांना वाटायचं. त्यामुळे वर काकूंच्या घरात बारा महिने खोबरं. चटणीत खोबरं, आमटीत खोबरं, वड्या तर डबेच्या डबे.

"तुमच्या त्या पुढाऱ्याला म्हणावं, एकदा गुळाचं उद्घाटन कर," काकू म्हणाल्या. "म्हणजे निदान मोदक होतील."

"कथेत बसत नाही," सर म्हणाले. गंभीरपणे.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती, आणि पुढचं सगळं त्या पद्धतीमुळे झालं. गर्दीतल्या लोकांना ते काहीही सांगत नसत. सिनेमा आहे असं कळलं की माणसं नटतात, केसांवरून हात फिरवतात. म्हणून गाडी थेट जाऊन थांबायची, बापूसाहेब उतरून नमस्कार करायचे, आणि सर बाजूला कार्यक्रमाच्या फोटोग्राफरसारखे उभे राहून चित्रण करायचे. बाजारपेठेत ते खपून जाई. पिंपळगावला तर लोकांनी भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या, आणि गाडी निघताना एकानं ओरडून विचारलं, "कोण होते हो?" दुसरा म्हणाला, "असतील कुणीतरी. कोणतरी असतंच."

पाण्याचा प्रसंग शेवटून दुसरा. अंबडच्या बाजूला तेव्हा कारखान्यांसाठी रस्ते आखले जात होते. त्या कामांवर आलेल्या माणसांची एक वस्ती होती, बरीचशी नांदगावकडची. वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा, मागे मुरुमाचे ढीग. आम्ही पोचलो तेव्हा बायका हंडे घेऊन कुठून तरी लांबून परतत होत्या. सरांनी तो रस्ता, ते हंडे पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. मला तेव्हा ते आवडलं होतं.

दगडावर खडूनं लिहिलं: पिण्याच्या पाण्याची योजना. बापूसाहेब उतरले. माणसं जमली. पुढे एक बाई होत्या, चाळिशीच्या, डोक्यावरचा हंडा न उतरवता उभ्या. त्यांचं नाव मंजुळाबाई, हे नंतर कळलं. नारळ काढला तसा एक म्हातारा पुढे आला.

"नारळ कशाला? आमच्यात नारळ नाय फोडीत. पाइप कुठंय?"

हे आमच्या कथेत नव्हतं. पोस्टकाका क्षणभर घोटाळले. मग टोपी सारखी करून म्हणाले, "आजोबा, पाइप गाडीत कसा मावेल? मागून येतोय."

म्हाताऱ्यानं वाकून कोनशिलेवर बोटाची टिचकी मारली. "दगड लाकडाचा हाय."

"हा कच्चा दगड," बापूसाहेब म्हणाले. "पक्का पाण्याबरोबर येणार."

सर कॅमेऱ्यामागे थरथरत होते. हसू दाबत होते. असा प्रसंग त्यांना लिहून सुचला नसता. बापूसाहेबांना आता चढलं होतं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "माता-भगिनींनो, हा हंडा आता डोक्यावरून उतरवा! पंधरा दिवसांत तुमच्या दारात पाणी आलं नाही, तर बापूसाहेब पुन्हा तोंड दाखवणार नाही!"

मंजुळाबाईंनी हंडा उतरवला. अगदी तेव्हाच, त्या वाक्यावर. आणि बापूसाहेबांकडे बघितलं. सरांनी ते टिपलं. त्या सिनेमात त्याहून चांगलं काही नाही, असं मी आजही म्हणेन.

मग मंजुळाबाईंनी हंड्यातून पेले भरले. आधी बापूसाहेबांना, मग सरांना, ड्रायव्हरला, मला. पेला काठोकाठ भरलेला. मी अर्धा पिऊन ठेवणार होते. पण त्या हात पुढे करून थांबल्या होत्या, तेव्हा सगळा प्यायले.

निघताना ड्रायव्हर कोनशिला डिकीत घालायला गेला, तर बायकांनी ती धरून ठेवली. "दगड राहू द्या. दगड नेला तर आमी कुनाच्या नावानं विचारायचं?"

दगड तिथेच राहिला. परतताना गाडीत सर एकटेच हसत होते. पोस्टकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

पंधरा दिवस उलटल्यावर बुधवारच्या बाजाराला आलेल्या मंजुळाबाई स्टुडिओच्या दारात उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याच्या पेटीवर दुकानाचं नाव रंगवलेलं होतं. वस्तीतल्या एका शाळकरी पोरीनं ते वाचून ठेवलं होतं.

"बापूसाहेब हायेत का?"

"आज नाहीत," सर म्हणाले.

"मग बसते."

गिऱ्हाइकांच्या बाकावर त्या तासभर बसल्या, भिंतीवरचे फोटो बघितले आणि गेल्या. पुढच्या बुधवारी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. भांडत नसत, आवाज चढवत नसत. काकू त्यांना वर बोलावून चहा देत. सर आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत आणि नसलेलं काम करत. मी एकदा आत डोकावले तर ते रिकाम्या ट्रेमध्ये चिमटा फिरवत होते.

"सांगून टाका ना त्या बाईला," काकू म्हणाल्या.

"काय सांगू?"

"खोटं होतं म्हणून."

"कसं सांगायचं ते?"

"का? तुमचा बापूसाहेब सांगत नाही, म्हणून तुम्हीही नाही?"

पुढच्या बुधवारी सर मंजुळाबाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. मी टाइपरायटरपाशी होते. त्या दिवसांत परदेशातल्या एका छोट्या महोत्सवाचं उत्तर आलं होतं. त्यांना सिनेमा बघायचा होता, लवकर पाठवा म्हणत होते. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. स्मारकाला जागा न मिळण्याचा.

"बाई, ऐका," सर म्हणाले. "ते बापूसाहेब खरे नाहीत. पोस्टात होते, आता पेन्शनवर आहेत. आम्ही सिनेमा करतोय. ते सोंग होतं."

मंजुळाबाईंनी नीट ऐकून घेतलं. "सोंग."

"हो."

"पान्याचं बी?"

"तेही."

मला वाटलं आता रडतील किंवा शिव्या देतील. मी टाइपरायटरवर नजर खिळवली. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "मंग ज्याचं सोंग घेतलं, त्यो कुठं बसतो?"

"अं?"

"सोंग कुनाचं तरी आसंल ना, दादा. त्यो खरा कुठं बसतो? तिकडं चला."

सर उठले, दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं अण्णांच्या बंगल्यावर गेलो. मंजुळाबाईंनी पायरीवर चपला काढल्या, पण आत आल्या नाहीत. "तुमी बोला. तुमची वळख हाय," म्हणाल्या.

अण्णा झोपाळ्यावर होते. "या, फोटोवाले! आमच्यावर सिनेमा काढताय म्हणे."

"तुमच्यावर नाही."

"मग कुणावर?"

"एका पुढाऱ्यावर."

"मग मी कोण? कीर्तनकार?" अण्णा मनापासून हसले. त्यांचं हसणं फार चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. सरांनी पाण्याचं सांगितलं. अण्णांनी ऐकून मान हलवली. "होईल की. पण आधी सिनेमा दाखवा."

रविवारी दुपारी त्यांच्या हॉलचे पडदे ओढून भिंतीवर सिनेमा दाखवला. आवाज फिल्मवर चढलेला नव्हता, तो टेपरेकॉर्डरवर होता, आणि बरोबर वेळेला बटण दाबायचं काम माझं. म्हणून मला सगळं बघता आलं. सरांच्या मनात भीती होती, की अण्णा मध्येच उठतील, दिवा लावतील, कदाचित कॅमेराच जप्त करतील. मला वाटतं थोडी आशाही होती.

अण्णा हसत होते. पहिल्या नारळापासून हसत होते. मांडीवर थाप मारून म्हणत, "अगदी तो नांदगावचा पुढारी! हुबेहूब! टोपीसुद्धा तश्शीच घालतो!" कच्च्या दगडाच्या वाक्यावर त्यांना ठसका लागला, पाणी आणावं लागलं. मंजुळाबाई हंडा उतरवतात तिथे मात्र ते गप्प झाले. "बाई कोण ही?" त्यांनी विचारलं. "काम चांगलं करते."

"ती बाहेर पायरीवर बसलीय," सर म्हणाले.

दिवा लागला. अण्णांनी डोळे पुसले. "अंबडची ना वस्ती? कारखान्यांची लाइन शेजारूनच जाते. एक तोटी काढायची. त्यात काय आहे?"

एवढंच होतं ते. एक तोटी काढायची. आत्तापर्यंत कुणी काढली नव्हती, कारण कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि हे फिल्मचे डबे माझ्याकडे राहू द्या," अण्णा म्हणाले.

"सिनेमा पूर्ण व्हायचाय."

"कशाला? शेवटी मरतो म्हणे. मरायला कशाला पाहिजे? चाललंय ते चांगलं चाललंय." मग जरा थांबून, तितक्याच गोड आवाजात, "सगळे डबे. मूळचेही. फोटोवाल्यांना मी ओळखतो, एक कॉपी मागे ठेवतात."

बाहेर पायरीवर मंजुळाबाई उभ्या राहिल्या. "काय म्हनला?"

"पाणी येईल," सर म्हणाले.

"कधी?"

"डबे दिले की."

"कसले डबे?"

"आमच्याकडचे आहेत."

"मंग द्या की." त्यांना त्यात काही अडचण दिसेना. "रिकामे हायेत का भरल्याले?"

"भरलेले."

"काय हाय त्यात?"

सरांनी जरा विचार केला. "तुम्ही आहात त्यात," ते म्हणाले. मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. फोटोवाला थट्टा करतोय असं त्यांना वाटलं.

त्या आठवड्यात पोस्टकाका आले, बसले, गेले. जाताना म्हणाले, "मुख्य काम एकदाच मिळालं होतं. पण तोंड तर माझंच दिसतं ना त्या वस्तीला. द्या." काकूंनी मत दिलं नाही. त्यांनी कपाट उघडून डबे बाहेर काढले, एकेका डब्यावरची धूळ पदरानं पुसली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर रचून ठेवले. सरांना ते ओलांडूनच दुकानात यावं लागायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा बोलावली.

मीही बरोबर गेले. सरांनी डबे अण्णांच्या टेबलावर ठेवले. "चहा घेणार?" अण्णांनी विचारलं. सर "घेऊ" म्हणाले आणि सगळा चहा प्यायले. महोत्सवाला मी कळवलं, की चित्रपट उपलब्ध नाही. मी लिहिलेलं सगळ्यात लहान इंग्रजी पत्र तेच असेल.

वस्तीत पाणी आलं. अण्णा दिल्या शब्दाला जागले, हेही कबूल करायला हवं. ते स्वतः गेले नाहीत. एवढ्याशा कामाला अण्णा जात नसत. एक फिटर आला, त्यानं खड्डा खणला आणि तोटी बसवली.

यापुढचं जे झालं ते सरांनाच शक्य होतं. अण्णांकडे मोठे पाहुणे आले, की सरांना बोलावणं यायचं. प्रोजेक्टर त्यांनाच लावता यायचा, आणि टेपचं बटण मलाच. पडदे ओढले जायचे. तालुक्यातालुक्यांतले पुढारी गाद्यांवर बसून बापूसाहेब बघायचे आणि पोट धरून हसायचे. प्रत्येकाला त्यात दुसरा कोणीतरी दिसायचा. येवल्याच्याला मालेगावचा, मालेगावच्याला सटाण्याचा. स्वतः कुणालाच दिसला नाही. सरांच्या सिनेमाला प्रेक्षक मिळाला तो असा.

पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं सर जाणार नाहीत. ते गेले, आणि प्रोजेक्टरपाशी उभं राहून पाहुण्यांचे चेहरे बघत राहिले. दुसऱ्यांदा जाताना त्यांच्या खिशात कात्री आणि फिल्म चिकटवायची पट्टी होती. "पुलाच्या प्रसंगात हसू उशिरा येतंय," ते रिक्षात मला म्हणाले. "थोडं कापायला हवं." अण्णांच्या हॉलमध्ये खाली बसून त्यांनी तो तुकडा कापला आणि जोड दिला. अण्णा झोपाळ्यावरून कौतुकानं बघत होते. त्या दिवशी पुलावर हसू वेळेवर आलं. सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी नजर वळवली. इतकी दमलेली मी त्यांच्याबरोबरच्या एकाही रविवारी नव्हते.

मी हळूहळू जाणं कमी केलं. अंबडमध्येच एका कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली, पत्रव्यवहार बघायची. कारखान्याची बस ज्या वळणावरून जाते, तिथे ती वस्ती आहे. आता छपरांवर पत्रे आहेत, काही घरं विटांची झालीत. कित्येक महिने मी फक्त खिडकीतून बघत होते. एका संध्याकाळी बस बंद पडली म्हणून चालत निघाले, तर नळावर मंजुळाबाई. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"ताई! तुमी त्या बापूसाहेबांच्या ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"लय उशीर केला त्यांनी, पर आनलं पानी. बाकीचे येऊन मतं घेऊन गेले. ह्या मानसानं मत बी नाय मागितलं."

"पण ते सोंग होतं, मंजुळाबाई. सरांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं की." त्यांनी हंडा सरकवून दुसऱ्या बाईला जागा दिली. "सोंगवाला म्हनला पानी देतो, आन् पानी आलं. खऱ्यांचं सांगा तुमी." मग माझ्या जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाल्या, "कसे हायेत? बरे हायेत ना? त्यांना म्हनावं, एवढं गटाराचं बगा. सांडपानी समदं दारात येतं, पोरं आजारी पडत्यात. त्यांनी मनावर घेतलं तर व्हईल."

पोस्टकाका त्या आधीच्या हिवाळ्यात गेले होते. मी "सांगते" म्हणाले.

शनिवारी स्टुडिओत गेले. सर एका कॉलेजच्या मुलाला सकाळी काय खाल्लं ते विचारत होते. तो गेल्यावर मी सगळं सांगितलं. सांडपाण्याचं, पोरांचं, आणि मंजुळाबाई काय म्हणाल्या ते. सर स्टुलावर बसले. त्यांचे केस पार पिकले होते, हे मला त्या दिवशी दिसलं.

"पोस्टकाका गेल्याचं सांगितलंस तिला?"

"नाही."

"बरं केलंस."

मग म्हणाले, "अण्णांकडे जायचं तर आता द्यायला काय आहे माझ्याकडे?" ते काही मला विचारत नव्हते. वरून काकूंनी चहाला हाक मारली, ती दोघांनीही ऐकली नाही.

मला वाटलं विषय तिथेच संपला. पण पुढच्या महिन्यात पगाराच्या दिवशी सहज डोकावले, तर सर काउंटरवर कागद पसरून लिहीत होते. एका बाजूला कॅमेरा उघडून, साफ करून ठेवलेला. वर न बघता त्यांनी मला बसायची खूण केली.

"नवीन आहे," ते म्हणाले. "यात पुढारी मरत नाही. अण्णांना ते आवडत नाही."

"कशासाठी, सर?"

"गटारासाठी." त्यांनी लिहिलेली एक ओळ खोडली. "नळाला एक तोटी पुरली. गटार म्हणजे वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणायचं. सिनेमाही तेवढा लांब करावा लागेल. आणि जरा जास्त हसवावं लागेल." मग पहिल्यांदा वर बघितलं. "रविवारी मोकळी आहेस?"

मला नाही म्हणायचं होतं. आठवडाभर ऑफिस असतं, रविवारी झोपायचं असतं.

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.